दर पाचवा माणूस

मार्सेला हुडाकने वेल्टनच्या शाळेत सव्वीस वर्षं पोरांना जेवण वाढलं आणि त्या सव्वीस वर्षांत ताटांची मोजणी एकदाही चुकली नाही. हे ती कोणालाही सांगते, न विचारतासुद्धा. निवडणुकीच्या दिवशी मतदारांकडून कागद भरून घ्यायचं काम तिला मिळालं तेही याच जोरावर. फोनवर मुलाखत घेणाऱ्या पोराने विचारलं, "मोजण्याचा काही अनुभव आहे का?" तेव्हा ती म्हणाली, "बाळा, तुझ्यासारखी चारशे पोरं रोज दुपारी माझ्यासमोरून जायची. दोनदा दूध उचलणारा मी पाठमोरा ओळखायचे." पोराने तिथल्या तिथे हो म्हटलं. तिचं वय एकाहत्तर आहे हे त्याला नंतर कळलं.

काम तसं सोपं होतं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मत देऊन माणसं बाहेर पडतात, त्यांतल्या दर पाचव्याला थांबवायचं आणि दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद त्याच्या हातात द्यायचा. नाव नाही, गाव नाही. मत कोणाला दिलं, वय काय, चर्चला किती वेळा जाता, शिक्षण कुठवर, मागच्या वेळी कोणाला दिलं होतं, असल्या प्रश्नांपुढे खुणा करायच्या आणि घडी घालून खोक्यात टाकायचा. माणूस नाही म्हणाला तर बाई की पुरुष, गोरा की काळा, वय साधारण किती, एवढं आपणच बघून लिहायचं. मग दिवसातून तीनदा फोन करून सगळं कळवायचं. पदवीवाले इकडे गेले आणि बिनपदवीचे तिकडे, असं टीव्हीवरचे कोटवाले मोठ्या तोऱ्यात सांगतात ना, ते कुठल्या तरी मार्सेलाने थंडीत पाय आपटत गोळा केलेलं असतं.

पण खरं सांगायचं तर मार्सेलाला ना त्या कामाची हौस होती, ना टीव्हीवाल्यांची. तिला तिचा मुलगा भेटायला हवा होता, आणि तो दिवसभरात कधी ना कधी या दारातून बाहेर पडणार हे नक्की होतं.

ड्वेन काही परगावी नव्हता. दोन मैलांवर, डोंगराच्या वरच्या अंगाला राहायचा आणि घरांच्या भिंतींना पत्रे-फळ्या ठोकायची कामं करायचा. बर्फ पडलं की सकाळी उजाडायच्या आत येऊन आईच्या पायऱ्या साफ करून जायचा. पण घरात पाऊल टाकायचा नाही. मार्सेला कॉफीचा पेला घेऊन दारात येईपर्यंत त्याची गाडी वळणावर गेलेली असायची. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

चार वर्षांपूर्वी काय झालं तेही सांगायला हवं. निवडणूक होऊन तीनच आठवडे झाले होते आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला दोन्ही मुलं घरी होती. पॉलेट धाकटी. पिट्सबर्गला विद्यापीठात शिकवते. माणसं मतं कशी देतात हाच तिचा विषय. पोरगी मनाने वाईट नाही, आईला रोज फोन करते, दर हिवाळ्याला नवे बूट पाठवते. पण तिला समजावून सांगायची खोड आहे. त्या दिवशी टर्की कापून व्हायच्या आतच तिने कागदी रुमालावर एक रेघ मारली. रेघेच्या वर पदवीवाले, खाली बिनपदवीचे. "हे बघ ड्वेन, पूर्वी असं नव्हतं. बाबांच्या काळात सगळा कारखाना एकगठ्ठा मत द्यायचा. आता माणूस कॉलेजला गेला की नाही एवढं सांग, मी त्याचं मत सांगते. गोरा, पुरुष, चाळिशीचा, पदवी नाही, हा जिल्हा. म्हणजे तू इथे." आणि तिने रेघेखाली एक टिंब काढलं.

ड्वेन त्या टिंबाकडे बघत राहिला. मग त्याने आईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

कारण ड्वेनच्या आयुष्यातली ती रेघ खरं तर कोणी मारली हे त्या टेबलावर दोघांनाच ठाऊक होतं. ड्वेन अभ्यासात पॉलेटपेक्षा तसूभर कमी नव्हता. तोही कॉलेजला गेला होता. चार महिने झाले होते आणि इकडे कोळशाच्या भट्टीवर तिच्या नवऱ्याची, एमिलची पाठ मोडली. मार्सेलाने स्वयंपाकघरातल्या फोनवरून मुलाला सांगितलं, थोडे दिवस घरी ये, मला एकटीला त्यांना उचलता येत नाही. तो आला. ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. पॉलेट तेव्हा शाळेत होती, तिच्यापर्यंत यातलं फारसं पोचलंच नाही. मार्सेलाने त्या टेबलावर एक वाक्य बोलायला हवं होतं. तिने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं.

ड्वेनने आपली बशी बेसिनपाशी नेली, धुतली, पुसून जागेवर ठेवली आणि कोट घालून निघून गेला. आपण मत कोणाला दिलं हे तो बोलला नाही. बोलणारही नव्हता. हुडाकांच्या घरात पुरुष ते बोलतच नाहीत. एमिल एक्केचाळीस वर्षं मार्सेलाच्या शेजारी झोपला, पण मत कोणाला दिलं हे त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. युनियनवाले विचारायचे, फोरमन विचारायचा, पाद्री आडून आडून विचारायचे. "मग तो पडदा कशाला लावलाय तिथे? थंडी वाजते म्हणून?" एवढंच एमिल म्हणायचा. गावात अशी घरं अजून बरीच आहेत. बायको गुपचूप सिगारेट ओढते हे नवऱ्याला माहीत असतं, पण मत माहीत नसतं.

तर तेव्हापासून नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण मार्सेला दोनदा वाढत आली. एकदा टेबलावर, पॉलेटसाठी. आणि एकदा डब्यात, ड्वेनसाठी, ओसरीवर झाकून. मशरूमचं आंबट सूप डब्यातून जातं, पण त्या जेवणाआधी आईने मुलांच्या कपाळावर मधाचं बोट लावायचं असतं, ते कसं डब्यात भरणार? या वर्षी दोघं एका टेबलावर बसायला हवीत, बस्स. आपल्या हाती आता फार नाताळ उरलेले नाहीत, असं तिला उन्हाळ्यापासून सारखं वाटत होतं.

हॉलच्या दाराशेजारी चर्चच्या बायकांनी दर निवडणुकीसारखं टेबल मांडलं होतं. अक्रोडाचे रोल, कोबी-शेवयांची परात, कॉफी. टेबलावर अ‍ॅग्नेस पेत्रो. तिचं तोंड सकाळी सातला सुरू झालं होतं.

"मार्सेला, गळ्यात पाटी अडकवून किती ऐटीत उभी आहेस! मला विचार ना काहीतरी."

"तू तिसरी होतीस, अ‍ॅग्नेस. मला पाचवी लागते."

"जन्मभर हेच. नाचायला गेलो तरी मी तिसरीच." अ‍ॅग्नेसने रोलचा तुकडा कापून कागदात गुंडाळला. "धर, खा. पदवीवाल्यांना एक तुकडा जास्त देऊ की कमी? तुझ्या पॉलेटला विचारून सांग."

मार्सेला हसली नाही. तिचं लक्ष दाराकडे होतं.

दुपारी एकच्या सुमाराला ड्वेन आत गेला. मान खाली, अंगावर पांढरी धूळ. त्याने तिला पाहिलं नाही. आणि पहिल्यांदा मार्सेलाला कळलं की आपण एक गोष्ट हिशेबात धरलीच नव्हती. तो पाचवा नसेल तर? बाकीच्यांशी गप्पा मारायच्या नाहीत असं शिकवणीत चारचारदा सांगितलं होतं. एक तरुण बाई बाहेर आली, एक. बँकेतला एक जण, दोन. म्हातारे बालोग काठी टेकत टेकत, तीन. आणि त्यांच्यामागे काचेतून ड्वेन दिसायला लागला. चौथा.

तेवढ्यात अ‍ॅग्नेस हात झटकत बाहेर आली. ती आत नुसती बाथरूमला गेली होती.

"चार," मार्सेला म्हणाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने चुकीचं मोजलं, आणि तेही जाणूनबुजून. "ड्वेन! थांब. तू पाचवा."

"कसला पाचवा?" तो दचकला. "आई? तू काय करतेस इथे? आणि टोपी कुठंय तुझी?"

"टोपीने केस बसतात. हे भर."

त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. "हे पॉलेटचे लोक तक्ते काढतात तेच ना?"

"तिचे नाही, टीव्हीवाल्यांचे."

"एकूण एकच. बाबा असते तर त्यांनी याला हात लावला नसता."

"नाव लिहायचं नाही त्यावर. घडी घालून खोक्यात टाकायचं."

"आणि खोकं कोण उघडणार?" त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू बघशील."

"नाही बघणार."

"आई."

"तुझ्या बाबांची शपथ, नाही बघणार."

त्या क्षणी ती अगदी खरं बोलत होती. तीन वाजताचा फोन तिच्या डोक्यातच नव्हता. तिला फक्त एवढंच दिसत होतं की मुलगा समोर उभा आहे आणि कागद भरून होईपर्यंत तो जाणार नाही.

तिचं पेन थंडीने उमटेना. ड्वेनने कानामागची सुताराची जाड पेन्सिल काढली आणि बाहेर उभ्या आगीच्या बंबाच्या पायरीवर कागद ठेवून, पाठ तिच्याकडे करून भरायला लागला. मार्सेलाने इमानाने तोंड फिरवलं. अ‍ॅग्नेस मात्र मान उंच करून बघत होती.

"शिक्षण," ड्वेन पाठमोराच म्हणाला. "चार महिने कुठल्या खान्यात बसतात गं?"

"दुसऱ्या. 'थोडंफार कॉलेज' लिहिलंय ना, तिथे."

पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आला.

"मीच तुला बोलावून घेतलं होतं," ती म्हणाली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. "थोडे दिवस ये म्हणाले."

"म्हणाली होतीस." त्याने पुढची खूण केली. "जाऊ दे. बाबांना उचलायला कोणीतरी हवंच होतं."

"त्या दिवशी टेबलावर मी बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "हवं होतं."

त्याने घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि कागद खोक्यात टाकला. मार्सेलाला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच नाही. "नाताळच्या जेवणाला ये. पॉलेटही येणार आहे. दोघं या."

"तिने एकदा म्हणू दे की ती चुकली. फार नको, एवढंच. मग मी येतो. मधाची बरणीसुद्धा मीच आणतो."

"अरे पण ती काय चुकली ते तू कधी सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?" ड्वेन म्हणाला. "तिने विचारायचं. जगाला विचारत फिरते, मला कधी विचारलं?" मग त्याने आपली लोकरी टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली, कानांपर्यंत ओढली आणि गाडीकडे गेला.

मार्सेलाला केवढा आनंद झाला! चार वर्षांत एवढी वाक्यं तो तिच्याशी बोलला नव्हता. नुसतं चुकलं म्हणायचं, पॉलेटला काय जड आहे? अ‍ॅग्नेसने तिला कोबी-शेवया दिल्या त्या तिने उभ्याने, बशी पुसून खाल्ल्या.

तीन वाजता ती आपल्या गाडीत बसली, हीटर लावला, खोकं मांडीवर उघडलं आणि फोन फिरवला. पलीकडे कुठल्या तरी दक्षिणेकडच्या गावातली मुलगी होती. आवाज गोड, पण घाईत.

"किती भरून घेतले, मॅम?"

"बावीस."

"छान. पहिल्यापासून वाचा."

एक एक कागद वाचला जाऊ लागला. एकविसावा झाला तेव्हा मांडीवर एकच उरला होता, दोन घड्यांचा. मार्सेलाने मुद्दामच तो तळाशी ठेवला होता.

"झालं," ती म्हणाली. "एकवीस."

"बावीस सांगितलेत तुम्ही, मॅम."

"एक वाचता येत नाही. पेन्सिलीने भरलाय."

"पेन्सिल चालते. जेवढं दिसतं तेवढं वाचा. संख्या जुळली नाही तर पुढे जाताच येत नाही, तुमच्या गावाची सगळी माहिती बाद होईल."

बाद झाली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? पण मार्सेला हुडाक ही ताटं जुळवूनच घरी जाणारी बाई. आणि आपण नुसते आकडे वाचू, अर्थ मनात घेणारच नाही, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काहीही समजावतो. तिने घड्या उलगडल्या. जाड, काळ्या, दाबून केलेल्या खुणा. आंधळ्यालाही दिसतील अशा.

"पहिला प्रश्न. आज मत कोणाला?"

"दोन नंबर." म्हणजे पॉलेटच्या उमेदवाराविरुद्धचा. मार्सेलाला नवल वाटलं नाही. पॉलेट शिकलेली, तिला माणसाचं मत कळत असणारच.

वय, चर्च, घरात किती माणसं. शिक्षण: दुसरा खाना. मुलाने तिचं ऐकलं होतं.

"सतरावा. चार वर्षांपूर्वी मत कोणाला दिलं होतं?"

मार्सेलाने खूण पाहिली, मग कागद डोळ्यांजवळ धरून पुन्हा पाहिली.

"मॅम? सतरावा?"

"एक नंबर," मार्सेला म्हणाली.

"एक?"

"एक."

"अठरावा?"

पुढचे तीन प्रश्न तिने कसे वाचले ते तिचं तिलाच ठाऊक नाही. मुलीने आभार मानले, सात वाजता पुन्हा बोलू म्हणाली. फोन बंद झाला. मार्सेला कागद हातात धरून बसून राहिली.

एक नंबर. म्हणजे पॉलेटचाच. पॉलेट रुमालावर टिंब काढत होती त्याच्या तीन आठवडे आधी ड्वेनने तिच्याच माणसाला मत दिलं होतं. बहीणभाऊ एकाच बाजूला होते. तो त्या टेबलावर बसून स्वतःचं टिंब बघत होता आणि त्याला माहीत होतं की ते चूक आहे. बोलला नाही, कारण बापाने बोलायचं नसतं असं शिकवलं होतं. आईकडे बघितलं, तर आई बटाटे वाढत होती.

आणि आज तो खरोखरच रेघेखाली गेला होता. कशाने गेला हे कागदावर विचारलेलं नव्हतं. टीव्हीवर उद्या सांगतील, महागाई, कारखाने, हे आणि ते. असेल तेही. पण मार्सेला त्याची आई होती. तिला त्या पुसून जागेवर ठेवलेल्या बशीपलीकडे दुसरं काही सुचेना. तिने कागदाच्या दोन्ही घड्या होत्या तशा घातल्या आणि तो खोक्यात तळाशी ठेवला.

ती परत दारापाशी येऊन उभी राहिली. चार वाजता पॉलेटचा फोन आला.

"आई, जेवलीस का? नवे बूट घातलेस ना? काम कसं चाललंय?"

"घातलेत. चाललंय."

"ड्वेन येऊन गेला?"

"हो." आणि तिने न राहवून म्हटलं, "पॉलेट, तो नाताळला येईल म्हणतोय. त्याचं म्हणणं एवढंच, की तुझं चुकलं असं तू एकदा म्हण."

पॉलेटचा आवाज खाली आला. "आई, मलाही तो हवाय गं. तुला काय वाटतं, मला चैन पडते? मी ज्या सुरात बोलले तो सूर चुकला, त्याची मी हजारदा माफी मागेन. पण मी जे म्हटलं ते चुकलं असं कसं म्हणू? खोटं बोलून आणू का त्याला? त्यालाच ते कळेल."

"तू त्याला विचारलं होतंस का?"

"काय?"

"मत कोणाला दिलं ते. तेव्हा."

"विचारायचं काय त्यात?" पॉलेट दमल्यासारखी हसली. "बरं, आज कोणाला दिलं असेल त्याने? मनापासून सांग. तू ओळखतेस त्याला."

मार्सेलाने डोळे मिटले. एक वाक्य बोललं की पॉलेट गाडी काढून आत्ता ड्वेनच्या दारात गेली असती. रडली असती, चुकले म्हणाली असती. आणि ड्वेनला पहिल्या क्षणात कळलं असतं की आईने बापाची शपथ घेऊन त्याचा कागद उघडला, वर फोनवर कोणा परक्या पोरीला वाचून दाखवला. मग पायऱ्यांवरचं बर्फही तसंच राहिलं असतं. आणि पॉलेट? आपल्या एका टिंबाने काय केलं हे कळल्यावर ती पोरगी कुठे जाणार होती? मार्सेलाला ते ओझं चांगलं माहीत होतं. पंचवीस वर्षं तिने तसलंच एक वागवलं होतं.

"आई? आहेस ना? सांग, माझं चुकलं होतं का?"

बालोगांची म्हातारी बाहेर आली, तिच्यामागे दोन तरुण. मार्सेलाने मोजले नाहीत.

"नाही," ती म्हणाली.

"मग बघ!" पॉलेटचा जीव भांड्यात पडला. "आता तूच समजाव त्याला. तुझं तो ऐकतो."

"समजावते," मार्सेला म्हणाली.